भिंतीवरचा भाचा

आईबापांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं असतं. गावाने ठेवलेलं मात्र जन्मभर वागवावं लागतं. बाजारपेठेतल्या घड्याळजीला गावाने नाव ठेवलं होतं भाचा. साठी ओलांडलेला, डोक्यावर मूठभर केस उरलेला हा माणूस. पण मोठी माणसं त्याला भाचा म्हणत आणि पोरंसोरं भाचेकाका. खरं तर भाचा म्हणजे किती गोड नातं, बहिणीचा लेक, मामाच्या लाडाचा! पण त्या गावात तो शब्द शिवीच्या जवळपास होता. सख्ख्या भाच्यालाही तिथे कोणी भाचा म्हणत नसे, ‘आमच्या ताईचा मुलगा’ असा लांबचा वळसा घेत. कारण काय, तर राजाला दगा दिला तो भाच्याने.

राजा होऊन गेला त्याला शेकडो वर्षं झाली. खरंच होऊन गेला की नाही, देव जाणे, पण असं त्या गावात मोठ्याने बोलायची सोय नव्हती. राजाने म्हणे मूठभर माणसं घेऊन नदीच्या उतारावर मोठी फौज अडवली. त्याच्या टेबलावर लहानथोर असा भेद नव्हता, लोहार आणि सरदार मांडीला मांडी लावून एकाच पातेल्यातलं खात. आणि त्याच टेबलावरून जेवून उठलेल्या भाच्याने पहाटे किल्ल्याचं मागचं दार आतून उघडलं. सख्ख्या मामालाच मामा बनवलं! राजा घायाळ झाला. त्याला होडीत घालून तळ्यापलीकडे नेलं, आणि जाताना तो म्हणाला, ‘येतो मी परत.’

तो अजून यायचाय. तोवर गावाने त्याच्या नावावर दुकानं थाटली. राजा लाँड्री, राजा सलून, राजा बूट हाऊस. राजा खरंच परत आला असता आणि बिचाऱ्याने पोटापाण्यासाठी काही धंदा काढायचं म्हटलं असतं, तर त्याला स्वतःचं नाव पाटीवर घालायला मोकळं मिळालं नसतं. आणि ज्याला विचारावं तो राजाच्या कुठल्या ना कुठल्या सोबत्याचा वंशज. एवढे सोबती खरंच असते तर राजा हरला कशाला असता? भाच्याचा वंशज मात्र गावात औषधाला नाही. ती एक जागा घड्याळजीच्या घराण्याच्या वाट्याला आली, आणि तीही रक्ताने नव्हे, रंगाने.

त्याचं असं झालं. घड्याळजीच्या आजोबांच्या काळात बाजाराच्या मोठ्या दालनात, लांबच लांब भिंतीवर, राजाचं आणि त्याच्या टेबलाचं चित्र काढायचं ठरलं. चित्रकाराने सांगितलं, मला चेहरे पाहिजेत, मनातले चेहरे मी काढत नाही. झालं. दुकानदार ठेवणीतले कपडे घालून, मिशा पिळून हजर. जो आधी आला त्याने राजाजवळची खुर्ची पकडली. घड्याळजीचे आजोबा, म्हणजे साऱ्या गावाची वेळ सांभाळणारा माणूस, तेवढे एकदा उशिरा गेले. कोणाचं तरी घड्याळ हातात होतं, अर्धवट टाकून कसं उठणार! ते पोचले तेव्हा एकच खुर्ची उरली होती. ते भोळेपणाने बसले. नाक डावीकडे वाकडं, एक भुवई दुसरीपेक्षा वर, असा त्यांचा चेहरा होता तसाच भिंतीवर उतरला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं की आपण कोण झालो.

नाक वाकडं असणं हा काही गुन्हा नाही. पण तेच नाक त्यांच्या मुलाला आलं, मग नातवाला आलं, आणि दर पिढीला गावाने ते भिंतीशी ताडून पाहिलं. आमच्या घड्याळजीला शाळेच्या नाटकात दर वर्षी एकच काम, दार उघडायचं. मास्तर म्हणायचे, “तुला रंगवायलासुद्धा नको रे.” मधल्या सुट्टीत कोणाची पेन्सिल हरवली की पहिलं दप्तर त्याचं उलटं व्हायचं. पुढे तो दुकानात बसायला लागला तर गिऱ्हाईक घड्याळ देऊन जायचं नाही, समोर उभं राहायचं. म्हणून त्याने कामाची एक रीतच पाडून घेतली. टेबल थेट रस्त्याकडे तोंड करून. उघडलेल्या घड्याळाचा प्रत्येक स्क्रू पांढऱ्या बशीत टाकायचा तो मोठ्याने मोजून, आणि परत लावायचा तोही मोठ्याने मोजून. लोक ऐकायचे, पैसे द्यायचे, आणि वळणावर जाऊन घड्याळ कानाला लावायचे.

असं चाळीस वर्षं चाललं की माणसाचं काय होतं? तोही संशयी होतो. कोणी हसून बोललं की घड्याळजी मनात म्हणे, याला काय पाहिजे? कोणी हसला नाही तर म्हणे, याने काय ऐकलं? रस्त्यात दोघं कुजबुजताना दिसले की त्याचं नाक आधी खाजायचं.

बायको मात्र त्याला परगावची मिळाली, चित्र न पाहिलेली. लग्नानंतर आठवड्याभरात ती बाजारात गेली, भिंतीसमोर उभी राहिली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. “अगं बाई, हे तर आपले आजेसासरे! यांनी काय केलं म्हणून यांच्याकडे सगळे असे डोळे वटारून बघताहेत?” कोणीतरी तिला गोष्ट सांगितली. ती घरी येऊन म्हणाली, “अहो, दार उघडायला निदान घरातलं दार तरी नीट उघडता यायला हवं. आपलं न्हाणीघराचं दार मी आले त्या दिवसापासून अडकतंय.” अशी ती होती. म्हणून तो टिकला.

त्यांना एक मुलगी. तिलाही ते नाक. शाळेत तिने काय काय ऐकलं ते तिने फारसं सांगितलं नाही, पण लग्न करून लांबच्या शहरात गेली ती फिरून माहेरी राहायला आली नाही. आता तिला दिवस गेले होते. फोनवर ती म्हणाली, “बाबा, बाळाला बघायला तुम्हीच या. ते चित्र आहे तोवर मी बाळ घेऊन तिथे येणार नाही. मी सोसलं तेवढं पुरे झालं.”

घड्याळजीने फोन ठेवला आणि कितीतरी वेळ नुसता घड्याळाच्या काचा पुसत बसला.

त्याच सुमाराला दालनाचं छप्पर गळलं. पाणी भिंतीत मुरलं आणि चित्राचे पोपडे निघाले. राजाची दाढी गेली, सोबत्यांची तोंडं गेली, लोहाराचं नुसतं पातेलं उरलं. आणि भाचा? भाचा नुकता रंगवल्यासारखा टवटवीत! वाकड्या नाकाने साऱ्या पडझडीकडे बघत बसलेला.

मग काय, गावाच्या जिभेला हाड उरलं नाही. पाववाला बाजारपेठेचा अध्यक्ष. त्याचे आजोबा भिंतीवर राजाच्या उजव्या हाताला बसलेले, त्यामुळे याची मान जन्मापासून जरा मागे कललेली. तो घड्याळजीच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला.

“काय भाच्या, पावसाळ्याआधी छपरावर कोण चढलं होतं?”

“मी. दालनाचं घड्याळ तुम्हीच तर दुरुस्त करायला सांगितलंत.”

“तेच म्हणतोय मी. छपरावर तू चढलास.”

“अरे, मला चित्र बुडवायचं असतं तर मी माझं तोंड आधी नसतं का बुडवलं? माझंच तर शिल्लक राहिलंय!”

पाववाल्याने बोट नाचवलं. “हां! म्हणजे संशय येऊ नये म्हणून.”

तोंड बुडालं असतं तरी चोर, उरलं तरी चोर.

चित्र नव्याने काढायला बाहेरगावची एक चित्रकार बाई बोलावली. आखूड केस, खिशाखिशात ब्रश, बोलायला रोखठोक. तिने पहिल्याच दिवशी भिंतीला हात लावून सांगितलं, “इथे मागून शेगडीचं धुराडं जातंय. भिंत गरम राहते, म्हणून एवढाच भाग वाचला.” लोकांनी माना डोलावल्या आणि मनातलं मनातच ठेवलं. संशयाला धुराडं पुरत नाही.

तिनेही चेहरे मागितले. या वेळी मात्र ठेवणीतले कपडे घालून कोणी धावलं नाही. जो तो आडून विचारी, “त्या खुर्चीवर कोण?” शेवटी पाववाल्याने सभेत तोड काढली. बाकी सगळे नवे काढा, भाचा आहे तसा राहू द्या. शाबूत आहे, उगाच रंग कशाला वाया घालवायचा? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घड्याळजी मागच्या बाकावर बसून त्या टाळ्या ऐकत होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तो दालनात गेला. बाई शिडीवर होती.

“बाई, हा चेहरा पुसता येईल का?”

तिने खाली पाहिलं, मग भिंतीकडे, मग परत खाली. “अच्छा,” म्हणाली आणि शिडी उतरली. त्याने सगळं सांगितलं, मुलीचा फोनसुद्धा. बोलताना त्याला स्वतःचाच राग येत होता, परक्या माणसाला घरचं कशाला सांगतोय म्हणून.

बाई म्हणाली, “मला काय, पुसते. पण तिथे कोणाचं तरी तोंड लागणार. भाच्याशिवाय गोष्ट कशी पुढे जाईल? तुम्ही दुसरं तोंड सांगा, मी ते काढते. मी बाहेरची, मला सगळे सारखेच.”

“मी सांगू? कोणाचंही?”

“कोणाचंही.”

ही गोष्ट त्या दोघांतच राहायला हवी होती. पण दालनाला खिडक्या होत्या आणि खिडक्यांना कान होते. दुपारपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं की भाच्याचं तोंड आता भाच्याच्या हातात आहे.

काय सांगावं मग! जे लोक वळणावर घड्याळ कानाला लावत ते दुकानात येऊन “कशी आहे तब्येत?” विचारू लागले. सलूनवाल्याने दाढी फुकट केली, आणि वस्तरा गळ्याशी आला तेव्हा घड्याळजीने डोळे मिटले नाहीत. बूटवाल्याने बुटांचे तळ बदलून दिले. पाववाल्याकडून तर गरम पावाची आख्खी लादी आली, वर कागदात बांधलेलं लोणी.

घड्याळजीने लादी टेबलावर ठेवली आणि लांबून तिच्याकडे पाहिलं. “आधी तू खा,” बायकोला म्हणाला.

“म्हणजे विष असलं तर मी मरू?”

“विष नसेल गं. पण काहीतरी असेल.”

“आहे ना. लोणी आहे.” तिने पाव तोडला, लोणी फासलं, खाल्लं. “चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिलाय, आणि चांगला भाजलाय. मेला आपल्याला आजवर कच्चाच विकत होता.”

हे ऐकून घड्याळजीचं मन ठरलं. पाववाला. दुसरं कोण? शाळेत दप्तर उलटं करणारा तोच, ‘भाच्या’ अशी चौकातून हाक घालणारा तोच, छपराचं बोलणारा तोच. बसू दे त्याला त्या खुर्चीत, मग कळेल मान मागे कशी कलते ते! एवढा आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्या दिवशी त्याने स्क्रू मोजले तेही जवळजवळ गाण्यात.

पण काम नीट करायची सवय हाडीमासी मुरलेली. बाईला चेहरा सांगायचा तर आधी बारकाईने बघायला हवा. म्हणून तो पाववाल्याच्या दुकानात गेला आणि फळीपाशी उभा राहून त्याला न्याहाळू लागला, उघडलेलं घड्याळ न्याहाळावं तसा.

पाववाल्याच्या हातून पिठाचं माप सांडलं. “काय बघतोस?”

“काही नाही. एक पाव दे.”

“पाव मागताना कोणी असं बघत नाही.” त्याने तोंड फिरवलं. घड्याळजी दोन पावलं सरकून दुसऱ्या बाजूने बघू लागला. पाववाल्याने रुमालाने तोंड पुसलं आणि पुसून झाल्यावरही रुमाल तिथेच धरला.

गोल चेहरा, हनुवटीला खोल खळी. खळी आली की काम झालं, घड्याळजी मनात म्हणाला, शंभर पावलांवरून ओळखतील. तेवढ्यात फळीच्या आडून एक मुलगी उभी राहिली. पाववाल्याची नात, तीनेक वर्षांची, कोपरापर्यंत पिठात बरबटलेली. तिने हातातला कणकेचा मळका गोळा पुढे केला. “भाचेकाका, हा तुम्हाला. मी केला.”

तिच्या हनुवटीवर तीच खळी होती. लहानशी, जणू बोटाने दाबून केलेली.

घड्याळजीने गोळा घेतला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि त्याला ती शाळेच्या रंगमंचावर दिसली. हातात पुठ्ठ्याच्या किल्ल्या, आणि मास्तर म्हणताहेत, तुला रंगवायलासुद्धा नको गं. पाव न घेताच तो निघाला. पाववाला मागून ओरडला, “अरे, पाव! पैसे नकोत रे!” पण तो थांबला नाही.

घरी येऊन त्याने कणकेचा गोळा बायकोपुढे ठेवला. “माझ्याच्याने होत नाही.”

“काय होत नाही?”

“त्याचं तोंड द्यायचं होत नाही. कोणाचंच होत नाही. ज्याला बघावं त्याच्या मागे कोणीतरी उभं आहे त्याच तोंडाचं.”

“मग राहू दे आपलंच.”

“आणि पोर?”

मुलीचं नाव निघालं की बायको हसत नसे. तिने गोळा उचलून उगाच चपटा केला, परत गोल केला. मग म्हणाली, “चला, मी येते त्या बाईकडे.”

दालनात जाऊन ती भिंतीसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली, लग्नानंतर उभी राहिली होती तशीच, फक्त हसली नाही. “बाई, गोष्टीत हा मेला कुठे बसतो?”

“राजासमोर,” चित्रकार बाई म्हणाली. “राजा त्याच्या डोळ्यात डोळे घालून बोलतो, तरी त्याला काही कळत नाही, असं आहे गोष्टीत.”

“राजासमोर ना? आणि राजा आमच्याकडे तोंड करून बसलाय. मग समोर बसणाऱ्याची आमच्याकडे पाठ यायला नको? मग याचं तोंड आम्हाला दिसतंच कसं?”

बाईने ब्रश कानामागे खोचला. भिंतीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि खो खो हसू लागली. “खरंच की हो! आधीच्या माणसाने खुर्चीच चुकीच्या बाजूला मांडली!”

“आमच्या आजेसासऱ्यांना उगाच बसवलं म्हणायचं,” बायको म्हणाली. “त्यांना पाठ करून बसवलं असतं तर माझा संसार सुखाचा झाला असता.”

“झाला नाही का?” घड्याळजीने विचारलं.

“झाला. पण तुम्ही सारखे मागे वळून बघत होतात.”

चित्र पुरं झालं. पडदा निघाला तेव्हा सगळं गाव जमलं होतं, आणि प्रत्येकजण आधी स्वतःला नाही तर भाच्याला शोधत होता. भाचा टेबलाच्या अलीकडे होता. रुंद पाठ, जाड कोट, कमरेला मागून दिसणारा किल्ल्यांचा जुडगा. तोंड राजाकडे. मग हळूच एकेकाने शेजारच्याच्या पाठीकडे पाहिलं.

त्यानंतर काही दिवस त्या बाजारात भिंतीला टेकून चालायची पद्धतच पडली. ज्याला पाठ आहे तो संशयित. आणि पाठ कोणाला नाही? सलूनवाल्याने दोन आरसे समोरासमोर लावून स्वतःची पाठ तपासली. बूटवाल्याने जाडा कोट कपाटात टाकला आणि कुडकुडत बसला. कोण कोणाला भाचा म्हणणार? म्हणायचं तर आधी स्वतःची पाठ फिरवून दाखवावी लागली असती. घड्याळजीला मात्र लोक नावाने हाक मारायला लागले, आणि दर वेळी तो दचकायचा, कोणाला बोलावताहेत म्हणून.

बाळ झालं, मुलगी झाली. थोडी मोठी झाल्यावर तिला घेऊन लेक माहेरी आली. आधी स्टेशनवरून दालनात गेली, चित्र पाहिलं आणि मगच घरी आली. संशयी बापाचीच लेक ती! दुपारी ती बाळाला घेऊन दुकानात बसली होती तेव्हा पाववाला आला. त्याने बाळाच्या तोंडाकडे वाकून पाहिलं. नाक होतं तेच, डावीकडे कललेलं, इवलंसं. लेकीचे खांदे ताठ झाले. घड्याळजीने हातातला चिमटा खाली ठेवला.

“आजोबांवर गेलीय,” पाववाला म्हणाला. एवढंच. मग त्याने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “एक विचारतो. मनात ठेवू नकोस. ती पाठ माझी आहे ना?”

“नाही.”

“रुंदी बघ. मानेवरची वळी बघ. माझ्या बायकोलासुद्धा तसंच वाटतं.”

“नाही म्हटलं ना. कोणाचीच नाही. बाईने पिंपावर कोट घातला आणि त्याला बघून काढली.”

पाववाला त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. नाकाकडे नव्हे, डोळ्यांत. मग त्याने खांदे सैल सोडले. “बरं. तू म्हणतोस तर नाही,” म्हणाला आणि गेला.

घड्याळजी आत जाऊन बायकोला म्हणाला, “काहीतरी काळंबेरं आहे.”

“आता काय झालं?”

“पाववाल्याने माझं ऐकलं. पटलं त्याला.”

“मग चांगलंच झालं की!”

“चांगलं झालं गं,” तो दाराकडे बघत म्हणाला. “पण का पटलं असेल?”